चॅट्सवर्थ : करामुळे हातचे जाता जाता वाचलेले वैभव

इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात, डर्वेंट नदीच्या काठी उभे असलेले 'चॅट्सवर्थ हाउस' हे 'ड्यूक ऑफ डेव्हनशायर' या किताबाचे मानकरी असलेल्या कॅव्हेंडिश घराण्याचे निवासस्थान. चित्रे, शिल्पे, ग्रंथसंग्रह आणि उद्यान यांसाठी ही वास्तू प्रसिद्ध आहे. मात्र विसाव्या शतकात इंग्लंडमधील असे शेकडो वाडे जमीनदोस्त झाले असताना चॅट्सवर्थ कसे टिकले, हेही तितकेच जाणून घेण्याजोगे आहे.

साडेचार शतकांचा इतिहास

सर विल्यम कॅव्हेंडिश व त्यांची पत्नी बेस ऑफ हार्डविक यांनी १५४९ मध्ये ही जहागीर विकत घेतली आणि १५५२ मध्ये बांधकामास प्रारंभ केला. पुढे बेसचे चौथे पती अर्ल ऑफ श्रूजबरी यांच्याकडे स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी हिच्या पहाऱ्याची जबाबदारी आली. त्या काळात मेरीला अनेकदा येथे ठेवण्यात आले होते. १६८८ च्या राज्यक्रांतीत विल्यम ऑफ ऑरेंज यांना साथ देणारे चौथे अर्ल १६९४ मध्ये पहिले ड्यूक झाले. १६८७ ते १७०७ या काळात त्यांनी जुन्या वाड्याच्या जागी आजच्या वास्तूचा मुख्य भाग उभारला. अठराव्या शतकात 'केपेबिलिटी' ब्राऊन यांनी भोवतालच्या परिसराला आजचे निसर्गरम्य रूप दिले.

पॅक्स्टन यांची किमया

सहाव्या ड्यूकनी १८२६ मध्ये जोसेफ पॅक्स्टन या तरुणाला मुख्य माळी नेमले. त्यांनी येथे भव्य काचगृह उभारले. रशियाच्या झारच्या अपेक्षित भेटीसाठी त्यांनी १८४४ मध्ये 'एम्परर' कारंजे तयार केले. झार आलेच नाहीत. पण टेकडीवरील तलावाच्या पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या या कारंज्याची धार सुमारे ९० मीटरपर्यंत उसळल्याची नोंद आहे. काचगृहांच्या अनुभवातूनच पॅक्स्टन यांनी १८५१ च्या लंडन प्रदर्शनाचा 'क्रिस्टल पॅलेस' साकारला.

येथील एका रोपाचा धागा थेट महाराष्ट्राशी जुळतो. १८३० च्या दशकात पॅक्स्टन यांनी येथे वाढवलेल्या केळीला कॅव्हेंडिश घराण्याचे नाव मिळाले. जळगावच्या बागांमधील बसराई आणि ग्रँड नैन हे वाण याच कॅव्हेंडिश गटातील होत.

ऐंशी टक्के वारसा कर

विसाव्या शतकात मात्र घराण्यावर संकट कोसळले. पॅक्स्टन यांचे काचगृह खर्च न परवडल्याने १९२० मध्ये पाडावे लागले. थोरले वारस विल्यम १९४४ मध्ये बेल्जियममध्ये लढताना मारले गेले. जॉन एफ. केनेडी यांची बहीण कॅथलीन ही त्यांची पत्नी. वारसा कर टळावा म्हणून दहाव्या ड्यूकनी मालमत्ता हस्तांतरित केली होती. परंतु कायद्यातील पाच वर्षांची मुदत पूर्ण होण्यास काही आठवडे उरले असताना, नोव्हेंबर १९५० मध्ये त्यांचे निधन झाले. मालमत्तेवर ८० टक्के कर आकारण्यात आला.

अकरावे ड्यूक अँड्र्यू आणि त्यांची पत्नी डेबोरा यांना हजारो एकर जमीन विकावी लागली. मेमलिंग यांच्या चित्रासह अनेक कलाकृती सरकारजमा झाल्या. बेसने बांधलेला 'हार्डविक हॉल' १९५९ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे गेला. चॅट्सवर्थ वाचवण्यासाठी घराण्याने मालकीहक्कालाच मुरड घातली. १९८१ मध्ये धर्मादाय विश्वस्त संस्था स्थापून वास्तू व उद्यान दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने तिच्याकडे सोपवण्यात आले आणि घराण्याने स्वतःच्या निवासी भागाचे भाडे भरण्याचे मान्य केले. एकेकाळच्या जहागीरदारांच्या या घराचा सांभाळ पुढे पर्यटकांच्या तिकिटांच्या आधारावर होऊ लागला.

काय पाहाल?

- पेंटेड हॉल : ज्युलियस सीझरच्या जीवनावरील लागेर यांची भित्तिचित्रे.
- शिल्पदालन : सहाव्या ड्यूकनी जमवलेली, इटालियन शिल्पकार कॅनोव्हा यांच्या कृतींसह संगमरवरी शिल्पे.
- व्हायोलिनचे चित्र : दारावर खरेच व्हायोलिन टांगले आहे, असा भास निर्माण करणारे चित्र.
- उद्यान : १०५ एकरांचा विस्तार, सतराव्या शतकातील पायऱ्यांचा जलप्रपात आणि काचगृहाच्या जागी १९६२ मध्ये लावलेला झुडपांचा भूलभुलैया.
- एडेन्सर गाव : येथील चर्चच्या आवारात कॅथलीन यांची कबर आहे. अध्यक्ष केनेडी यांनी जून १९६३ मध्ये तेथे भेट दिली होती.

'प्राइड अँड प्रेज्युडिस' या २००५ च्या चित्रपटात नायक डार्सीचा वाडा म्हणून दिसणारी वास्तू हीच.