'सवार' नावाचे घड्याळ

भिंगार आणि लष्कर यांचा संबंध जुना आहे. १७०७ साली औरंगजेबाने देह ठेवला तो भिंगारजवळच्या आपल्या छावणीत. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला शिंद्यांकडून घेतला. पुढे इंग्रजी अंमलात येथे कायमची छावणी वसली, आणि १९४८ पासून भारतीय सेनेच्या चिलखती दलाचे केंद्र व प्रशिक्षणशाळा येथे आहे. घोड्यांची जागा रणगाड्यांनी घेतली. १९९४ साली सुरू झालेल्या येथील रणगाडा संग्रहालयाला आजही 'कॅव्हलरी' म्हणजे घोडदळ हेच नाव आहे.

या घोडदळाची एक लहानशी खूण काही दिवसांपूर्वी भिंगारमधील एका परिचित कुटुंबात आमच्या पाहण्यात आली. घरातील वृद्ध मातेने पत्र्याच्या पेटीतून रुमालात गुंडाळलेले एक मनगटी घड्याळ काढून आमच्या हातावर ठेवले. "मामंजींचं आहे. घोड्यावरच्या पलटणीत होते ते. बसऱ्याला गेले होते," एवढेच त्या म्हणाल्या. तबकडीवर इंग्रजी अक्षरांत कंपनीचे नाव होते, वेस्ट एंड वॉच कंपनी, आणि त्याखाली एकच शब्द: 'सवार'.

आजकाल दुर्मीळ घड्याळे जमविणारी मंडळी स्वित्झर्लंडच्या खेड्यांत एकट्याने काम करणाऱ्या कारागिरांच्या घड्याळांसाठी वर्षानुवर्षे वाट पाहतात. फिलिप द्यूफूर या कारागिराने २००० सालापासून आपल्या 'सिंप्लिसिटी' घड्याळाचे जेमतेम दोनशेच्या आसपास नग केले आणि त्यांची कीर्ती जगभर झाली. 'सवार'ला तसा मान कधी मिळाला नाही. हे एका लहान, स्वतंत्र पेढीचे घड्याळ. त्याची कहाणी मात्र मुंबईत घडली असल्यामुळे आम्हांला ती अधिक जवळची वाटते.

स्वित्झर्लंडमधील सँ-तिमिए हे जुरा पर्वतराजीतील घड्याळांचे गाव. लाँजिन ही प्रसिद्ध कंपनी त्याच गावची. तेथील द्रो घराण्याची पेढी हिंदुस्थानात घड्याळे विकत असे. तिच्या मुंबई कार्यालयातील आर्नोल्ड शार्पिए हे गृहस्थ लंडनला जाऊन आले, तेथील वेस्ट एंड भागाचा झगमगाट त्यांच्या मनात भरला आणि १८८६ साली त्यांनी हे नाव सुचविले, असे कंपनी स्वतः सांगते. अशा रीतीने स्विस माल, इंग्रजी नाव आणि मुंबईची बाजारपेठ यांचा संगम झाला. जुन्या तबकड्यांवर 'बॉम्बे' आणि 'कलकत्ता' ही दोन्ही शहरे छापलेली आढळतात. आत यंत्र मात्र पुष्कळदा लाँजिनचे असे.

या पेढीची कल्पकता तिने मालाला दिलेल्या नावांत दिसते. 'सवार' हे एक, आणि दुसरे 'शिलेदार'! मराठी वाचकाला या शब्दांचा अर्थ सांगावयास नकोच. मराठ्यांच्या घोडदळात बारगीराला घोडा सरकारी मिळे, तर शिलेदार आपला घोडा व शस्त्र घेऊन चाकरीस येई. इंग्रजांनी हीच पद्धत आपल्या हिंदी घोडदळात उचलली. सवाराने भरती होताना ठरावीक रक्कम जमा करावयाची आणि घोडा, खोगीर, पोशाख यांचा खर्च स्वतः सोसावयाचा. ही पद्धत पहिल्या महायुद्धात कोलमडली, कारण मेलेल्या घोड्यांची भरपाई सवाराच्या खिशातून होणे अशक्य झाले. १९२१ च्या सुमारास ती कायमची बंद झाली. सरंजाम स्वतः विकत घेणाऱ्या शिपायाच्याच नावाने घड्याळ काढणारा व्यापारी आपले गिऱ्हाईक चांगले ओळखत होता, यात शंका नाही. साध्या सवाराला ते परवडत असेल का? आमचा कयास असा की ते दफेदार-रिसालदारांच्याच हातांवर अधिक दिसत असावे.

मनगटी घड्याळ त्या काळी पुरुषाला शोभणारे मानीत नसत. पुरुषाचे घड्याळ खिशात, साखळीला. पण डाव्या हातात लगाम आणि उजव्या हातात भाला असताना खिशात हात घालणार कोण? खंदकांतील युद्धात तर तोफांचा भडिमार थांबण्याची आणि पायदळ पुढे सरकण्याची वेळ मिनिटाला मिनिट जुळावी लागे. खिशातील घड्याळ मनगटावर आले ते असे गरजेपोटी. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत हिंदी फौज मोठ्या संख्येने होती. पुण्याची सहावी डिव्हिजन कुत-अल-अमारा येथे पाच महिने वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. 'सवार' घड्याळे त्या मोहिमेतील सैनिकांबरोबर गेली, असे कंपनीचा इतिहास सांगतो.

घोड्यावरच्या घड्याळाचा मोठा वैरी म्हणजे हिसका. घड्याळाचे झुलते चाक केसासारख्या बारीक आसावर फिरते आणि त्या आसाची टोके माणकांच्या खाचांत टेकलेली असतात. घड्याळ आपटले की ही टोके मोडतात. १९३४ च्या सुमारास 'इन्काब्लॉक' ही युक्ती निघाली. तीत माणिक एका नाजूक स्प्रिंगखाली बसविलेले असते. धक्का बसताच ते किंचित सरकते आणि पुन्हा जागेवर येते. ही सोय आपण आपल्या 'सवार प्रायमा' घड्याळात सर्वांआधी केली, असा वेस्ट एंडचा दावा आहे.

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. महायुद्ध सुरू झाल्यावर मुंबई-पुणे मिशनातील जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंना परकी शत्रू म्हणून स्थानबद्ध करण्यात आले. शत्रुदेशीयांची मोठी छावणी होती ती आपल्या नगरलाच. पुढे या मिशनाची धुरा मुख्यतः स्विस धर्मगुरूंनी वाहिली. १९४८ साली आलेले फादर हर्मन बाखर त्यांपैकीच. नगर जिल्ह्यातील जुन्या ख्रिस्ती घरांना स्वित्झर्लंड ठाऊक झाले ते घड्याळांपेक्षा या धर्मगुरूंमुळे!

स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि स्विस घड्याळांची ही हक्काची बाजारपेठ आटत गेली. १९६१ मध्ये बंगळूरला एचएमटीचा घड्याळ कारखाना निघाला. जुनी 'सवार' घड्याळे पेट्यांत पडून राहिली.

आता पुन्हा त्या भिंगारच्या घड्याळाकडे वळतो. चांदीच्या मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूस उभ्या अस्वलाचा इवलासा छाप होता. हजारात ८७५ भाग चांदी असल्याची ही जुनी स्विस खूण. काटे निळसर पोलादाचे, झिजलेले. तबकडी मात्र कालच छापल्यासारखी चकचकीत! नातवाने मोठ्या हौसेने ते एका कारागिराकडून 'नवे करून' आणले होते. मुंबईच्या बाजारात अशा छापील तबकड्यांचा धंदा जोरात चालतो, आणि संग्राहक अशा घड्याळाकडे पाठ फिरवितात. परंतु आमची खंत किमतीची नव्हती. त्या घरात ना सैन्याचे कागद उरले होते, ना पदक, ना छायाचित्र. मामंजी बसऱ्याला गेले होते याला साक्ष काय ती या घड्याळाची, आणि तिचाच चेहरा बदललेला. नातवाची समजूत काढताना आम्हीच ओशाळलो. त्याचा हेतू तर चांगलाच होता.

आमचे बोलणे ऐकत बसलेल्या मातोश्री उठल्या आणि आतून शिवणाचा डबा घेऊन आल्या. जुनी तबकडी कारागिराने परत दिली होती. ती त्यांनी सुया-रिळांत जपून ठेवली होती. पांढऱ्या मिन्याची, दोनच्या आकड्यापासून सातपर्यंत तडा गेलेली. भिंगातून पाहिले तेव्हा तळाशी 'बॉम्बे' एवढी अक्षरे लागली. नातवाने ती कागदात गुंडाळून घड्याळाच्याच रुमालात ठेवली.