छताखालचा उन्हाळा

सिनॉप्सिस लिहायला बसलं की बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. विषय हातात असतो, प्रश्न नसतो. 'अमुक गोष्टीचा इतिहास' हा झाला विषय. 'अमुक गोष्ट त्याच गावात, त्याच सुमारास का सुरू झाली, आणि तिची किंमत कोणी मोजली' हा झाला प्रश्न. हा फरक नुसता सांगून पटत नाही, म्हणून आज एक उदाहरण घेऊ. विषय वरवर पाहता निव्वळ सुट्टीचा आहे: छताखाली वॉटरपार्क असलेलं हॉटेल, जिथे भर हिवाळ्यात घरातली सगळी मंडळी पोहायचे कपडे घेऊन दोन दिवस राहायला जातात.

अमेरिकेत अशा हॉटेलांची सगळ्यात दाट गर्दी विस्कॉन्सिन डेल्स नावाच्या गावात आहे. वस्ती जेमतेम तीन हजार, शिकागोपासून मोटारीने तीन-साडेतीन तास. समुद्र जवळपास नाही, हिवाळ्यात सगळीकडे बर्फ. मग पाण्याच्या खेळांचा एवढा बाजार इथेच का भरला? तुमची पहिली नोंद ही असली पाहिजे. जिथे एखादी गोष्ट असायला नको होती असं वाटतं, तिथे ती असेल तर थांबायचं आणि का ते विचारायचं.

विस्कॉन्सिन नदीने इथे वालुकाश्माचे सुंदर कडे कोरले आहेत. मुळात ही हो-चंक लोकांची भूमी. यादवी युद्धात हात जायबंदी झाल्यामुळे सुतारकाम सोडावं लागलेल्या एच. एच. बेनेट यांनी १८६५ मध्ये इथे फोटो स्टुडिओ घेतला. या कड्यांची त्यांनी काढलेली स्टिरिओस्कोपिक चित्रं घरोघरी पोहोचली आणि ती पाहून लोक रेल्वेने येऊ लागले. गावाचं नाव तेव्हा किलबर्न होतं. १९३१ मध्ये ते बदलून विस्कॉन्सिन डेल्स केलं, कारण पर्यटक ज्या नावाने जागा ओळखत होते ते नाव गावाला हवं होतं. १९५२ मध्ये टॉमी बार्टलेट यांचा वॉटर-स्कीइंगचा शो आला, १९७९ मध्ये 'नोआज आर्क' हा उघड्यावरचा मोठा वॉटरपार्क.

पण हा सगळा धंदा मे महिन्याच्या शेवटापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतचा, म्हणजे साधारण शंभर दिवसांचा. बँकेचे हप्ते मात्र बारा महिन्यांचे. १९९४ मध्ये तिथल्या पॉलिनेशियन हॉटेलाने पाण्याच्या खेळांवर छत घातलं आणि हिवाळ्यात रिकाम्या राहणाऱ्या खोल्यांना गिऱ्हाईक मिळालं. १९९७ मध्ये 'ब्लॅक वुल्फ लॉज' उघडलं. ते काढणारे वॉटरमन बंधू आधी नोआज आर्क चालवणारे. पुढे हेच 'ग्रेट वुल्फ' या साखळीचं मूळ ठरलं. २००० मध्ये 'कलहारी' आलं. लक्षात घ्या, छत हा पोहण्याच्या प्रश्नावरचा उपाय नव्हता, रिकाम्या खोल्यांवरचा होता. म्हणूनच अशा बऱ्याच ठिकाणी वॉटरपार्कचं तिकीट खोलीच्या भाड्यातच धरलेलं असतं. पार्कसाठी हॉटेल नाही, हॉटेलसाठी पार्क.

आता 'पहिलं' या शब्दाबद्दल थोडं. डेल्सवर काहीही वाचलंत तर 'पहिलं इनडोअर वॉटरपार्क' असा उल्लेख हमखास भेटेल. तो तसाच उचलून प्रबंधात टाकू नका, आधी 'कशातलं पहिलं?' हे विचारा. कॅनडात वेस्ट एडमंटन मॉलमधला बंदिस्त वॉटरपार्क १९८६ चा आहे, पण तो मॉलमध्ये आहे. नेदरलँड्समध्ये पीट डेर्कसन यांच्या कंपनीने (आजचं सेंटर पार्क्स) १९८० मध्ये डे एमहोफ इथे सुट्टीच्या बंगल्यांच्या मधोमध छताखालचा उष्ण प्रदेश उभा केला होता. मुक्कामासह, कुटुंबांसाठी, वर्षभर. कोणाला पहिलं म्हणायचं हे तुम्ही व्याख्या कशी करता यावर ठरतं आणि व्याख्या तुमची तुम्हालाच लिहावी लागते. व्हायवामध्ये यावरच पकडतात.

मला स्वतःला यातलं सगळ्यात जास्त भावतं ते जपानचं उदाहरण, आणि ते या सगळ्यांच्या आधीचं आहे. फुकुशिमा प्रांतात आजच्या इवाकी शहराच्या परिसरात जोबान नावाचा कोळसापट्टा होता. या खाणींची एक विचित्र अडचण होती: जमिनीखाली गरम पाण्याचे झरे. एक टन कोळसा काढायला सुमारे चाळीस टन गरम पाणी उपसून फेकावं लागे, असा हिशेब सांगतात. खाणीत उकाडा असह्य, उपशाचा खर्च वेगळा. साठच्या दशकात तेलापुढे कोळसा मागे पडला, खाणी बंद होणार हे दिसू लागलं. तेव्हा कंपनीतल्या नाकामुरा युताका यांनी जे पाणी आजवर शत्रू होतं त्यावरच धंदा उभा करायचं ठरवलं. जपानी माणसाला परदेशी फिरायला जाण्याची मोकळीक १९६४ मध्येच मिळाली होती, पण हवाईचं तिकीट कोणाला परवडणार? म्हणून त्यांनी हवाईच कोळशाच्या गावात आणलं. जानेवारी १९६६ मध्ये 'जोबान हवाईयन सेंटर' उघडलं: मोठ्या छताखाली माडाची झाडं, झऱ्याच्या पाण्याची ऊब, पोहण्याचा तलाव आणि हुला नृत्य. नाचणाऱ्या मुली बाहेरून आणल्या नाहीत. खाणकामगारांच्याच मुली, त्यासाठी काढलेल्या संस्थेत शिकलेल्या. गावात सुरुवातीला याला मोठा विरोध झाला. यावर २००६ मध्ये 'हुला गर्ल्स' हा चित्रपट आला. चित्रपट जरूर बघा, पण त्याला पुरावा समजू नका.

गिरणगावाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या वाचकाला इथे मुंबई आठवल्याशिवाय राहणार नाही. तुलनेचा मोह होतो, पण ती स्वतंत्र लेखाची गोष्ट आहे. दोन ठिकाणी धंदा बुडाला एवढ्यावर तुलना उभी राहत नाही.

डेल्समध्ये हिवाळ्यातल्या रिकाम्या खोल्या, इवाकीत बंद पडणाऱ्या खाणी. इतिहास शिकणारा माणूस इथे समाधानाने वही मिटेल. मी रसायनशास्त्रातून आलेली असल्यामुळे माझं डोकं दुसरीकडे जातं: पाण्यावर छत घातलं, मग हवेचं काय झालं?

हा प्रश्न माझ्याकडे घरातूनच आला. शिकागोला राहणाऱ्या मावसबहिणीला मुलांना घेऊन डेल्सला दोन रात्री जायचं होतं. थोरला सात वर्षांचा, त्याला दमा आहे. "तू केमिस्ट्रीवाली ना, सांग, नेऊ का त्याला?" उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देता येईना.

पाण्यातले जंतू मारायला क्लोरीन घालतात. घाम आणि लघवीतून पाण्यात नायट्रोजनची संयुगं येतात. दोन्हींची गाठ पडली की क्लोरअमाइन्स तयार होतात. त्यातलं ट्रायक्लोरअमाइन पाण्यात फारसं टिकत नाही, हवेत निघून जातं. तलावाजवळ जो उग्र वास येतो त्याला आपण 'स्वच्छ पाण्याचा क्लोरीन' समजतो. तो बराचसा या क्लोरअमाइन्सचा असतो, म्हणजे माणसांच्या गर्दीचा. साध्या तलावापेक्षा घसरगुंड्या, कारंजी, डोक्यावर ओतणाऱ्या बादल्या यांत पाणी जास्त फुटतं, आणि पाणी जितकं फुटेल तितका हा वायू जास्त सुटतो. उघड्यावर तो वाऱ्याने निघून जातो. छताखाली त्याला काढायचा तर बाहेरची ताजी हवा आत घ्यावी लागते, आणि हिवाळ्यात ती तापवायला पैसे लागतात. ज्या हिवाळ्यामुळे छत आलं, त्याच हिवाळ्यामुळे ताजी हवा महाग झाली.

२००७ मध्ये अमेरिकेच्या एनआयओएसएच या कामगार-आरोग्य संस्थेने ओहायोतल्या एका इनडोअर वॉटरपार्कमध्ये तपासणी केली. तिथले जीवरक्षक खोकला आणि डोळ्यांच्या जळजळीची तक्रार करत होते. पाण्याच्या काठाच्या पातळीवरची दूषित हवा खेचून घ्यायला तिथली वायुवीजन यंत्रणा पुरी पडत नसावी, असं निरीक्षण आलं. पण मला थांबवलं ते दुसऱ्या एका नोंदीने: हॉटेलच्या जास्त खोल्या भरलेल्या दिवशी जीवरक्षकांच्या खोकल्याच्या आणि डोळ्यांच्या तक्रारीही जास्त होत्या. ज्या आकड्यासाठी १९९४ मध्ये छत घातलं गेलं, तोच आकडा इथे आजाराच्या तक्त्यात येऊन बसला. इतिहासाचा रकाना आणि रसायनाचा रकाना एका ओळीत. असं दिसलं की समजा, प्रश्न सापडला.

मग मुलांना दमा 'होतो' का? बेल्जियममध्ये आल्फ्रेड बेर्नार्ड आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये शाळकरी मुलांमधला दमा आणि बंदिस्त तलावावरची हजेरी यांचा संबंध दाखवला आणि खळबळ उडाली. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांमध्ये पोहण्यामुळे दमा वाढल्याचं त्यात दिसलं नाही, उलट पोहणाऱ्यांची फुप्फुसं थोडी बरी दिसली. पहिल्या अभ्यासात एका वेळचं चित्र होतं, दुसऱ्यात वर्षानुवर्षांचं. माझं वजन दुसऱ्याच्या बाजूला पडतं. पण त्यात साधे तलाव होते, दिवसभर बादल्या ओतणारे वॉटरपार्क नव्हते, हेही विसरायचं नाही. शिवाय दमा नव्याने होणं वेगळं आणि असलेला दमा त्या दिवशी उसळणं वेगळं.

तर बहिणीला जे सांगितलं ते असं. आधी मुलाच्या डॉक्टरांना विचार आणि इन्हेलर खोलीत नाही, काठावर हाताशी ठेव. शाळांच्या सुट्ट्या आणि शनिवार-रविवार टाळ, मंगळवार-बुधवार घे. भाडंही सहसा कमी असतं, आणि आता कळलंच असेल की भाडं आणि हवा एकाच कारणाने बरी असतात. पाण्यात उतरण्याआधी सगळ्यांनी साबण लावून अंघोळ करायची, धाकट्याला दर तासाला बाथरूमला न्यायचं. दारातून आत शिरताच डोळे चुरचुरले, नाकाला झोंबलं तर पैसे गेले म्हणून हळहळायचं नाही, त्याला घेऊन बाहेर यायचं. सलग चार तास थांबायचं नाही, मधे खोलीवर चक्कर.

तिला हे पुरेसं होतं. मला पुरलं नाही, कारण पाहुणे दोन दिवसांत घरी जातात, जीवरक्षक पाळीभर तिथेच उभा असतो. डेल्समध्ये दरवर्षी हजारो परदेशी विद्यार्थी जे-१ व्हिसावर काही महिन्यांसाठी कामाला येतात, तुमच्याच वयाचे. काम संपलं की आपापल्या देशी परततात. त्यांच्यापैकी कोणाला खोकला लागला आणि तो घरी गेल्यावरही राहिला, तर त्याची नोंद कुठल्या दवाखान्यात, कुठल्या देशाच्या आकडेवारीत शोधायची? हंगामी कामगारांचा पाठपुरावा कसा करायचा हा सार्वजनिक आरोग्यातला जुना आणि अवघड प्रश्न आहे. तुमच्यापैकी कोणी त्या शाखेत जाणार असेल तर सुरुवात मजुरीच्या नोंदवह्यांपासून करा, हॉटेलच्या माहितीपत्रकांपासून नको.