मांजराचे पाणी

घोड्याचा इतिहास हा राज्यांचा इतिहास आहे आणि बैलाचा इतिहास हा शेतीचा. मांजराच्या वाट्याला इतिहास आला नाही. म्हणी मात्र आल्या. शिंके तुटले की बोक्याचे फावते, मांजर डोळे मिटून दूध पिते, अशा वचनांतून चोरटे व दुधाचे लोभी जनावर म्हणून त्याची ओळख पिढ्यानुपिढ्या आपल्याला होत आली. ते पाणी किती पिते, हे विचारण्याचे मात्र कोणत्याही म्हणीला सुचले नाही. प्रश्न क्षुल्लक दिसतो; पण त्यावर एका मुक्या जिवाचे जगणे-मरणे अवलंबून असू शकते, हे मला वयाच्या पन्नाशीनंतर, तेही घरच्याच बोक्याने शिकविले.

गेल्या वैशाखात आम्ही मंगरूळपीर येथे होतो. वऱ्हाडातील वैशाख कसा असतो, हे तिकडच्या वाचकांस सांगणे नको. बोका वारंवार मोरीत जाऊन बसे, कण्हे, उठे आणि पुन्हा बसे. त्यास मलावरोध झाला असावा असा तर्क करून आम्ही त्याच्यापुढे दुधाची वाटी ठेवली. शेजारच्या वृद्ध बाई दारातून पाहून म्हणाल्या, “भाऊ, बोक्याले उन्हायी लागली, पानी पाजा त्याले.” आमच्या पदव्यांपेक्षा त्यांचे निदान सत्याच्या अधिक जवळ होते. उपाय मात्र फार उशिरा सुचलेला होता. मूत्रमार्ग पुरता बंद झाल्यावर पाणी पाजणे म्हणजे तोंड बांधलेल्या पखालीत आणखी पाणी ओतणे होय. दुसऱ्या दिवशी त्यास वांत्या सुरू झाल्या व अंग गार पडू लागले, तेव्हा कोठे आमचे डोळे उघडले. अकोल्यास नेल्यावर पशुवैद्याने गुंगी देऊन कॅथेटर नावाच्या बारीक नळीने मार्ग मोकळा केला, शिरेतून सलाइन दिले आणि बोका वाचला. निरोप देताना त्यांनी बजावले, “आता याच्या पोटात पाणी जास्त गेले पाहिजे.” मांजर आपणहून पाणी का पीत नाही, याचा शोध मी त्या दिवसापासून घेऊ लागलो. तो शोध मला बराच मागे घेऊन गेला.

घरगुती मांजराचा पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका व पश्चिम आशिया येथील रानमांजर, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने निश्चित झाले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी एका मनुष्याशेजारी मांजर पुरल्याचे आढळले असून, तो वृत्तांत २००४ साली प्रसिद्ध झाला. मनुष्याने धान्य साठविले, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले. ते आले वाळवंटाच्या कडेवरून. तेथे पाणवठे थोडे. म्हणून निसर्गाने त्यास दोन देणग्या दिल्या. एक म्हणजे मूत्र अत्यंत घट्ट करून पाणी राखून ठेवणारी मूत्रपिंडे. दुसरी म्हणजे तहानेची मंद जाणीव. उंदराच्या शरीरात सुमारे ७० टक्के पाणीच असते. ज्याचे अन्न इतके ओले, त्यास पाणवठा कशाला शोधावा लागेल? मांजर हे पाणी पिण्यापेक्षा पाणी खाणारे जनावर आहे, आणि पुढची सारी कथा या एका गोष्टीत सामावलेली आहे.

आपल्या देशात पशुवैद्यकाची परंपरा लहान नाही. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्यांची व पशूंची अशी दोन्ही प्रकारची चिकित्सा सांगितली असून, त्याच लेखात रस्त्यांवर विहिरी खणल्याचाही उल्लेख आहे. गिरनारच्या शिळेवर औषध आणि पाणी ही जोडी अशी शेजारी-शेजारी कोरलेली आहे. घोड्यांसाठी शालिहोत्राच्या नावावर शास्त्र आहे, हत्तींसाठी पालकाप्याच्या नावावर आहे. मुतखड्याविषयी म्हणाल, तर सुश्रुताने अश्मरीची गणना आठ महारोगांत करून तिची शस्त्रक्रियाही वर्णिली आहे. पण ती माणसाची. मांजराकडे शास्त्रकारांनी पाहिले, ते निराळ्या दृष्टीने. उंदरांचे भय उद्भवल्यास मांजरे व मुंगसे सोडावीत आणि त्यांना जो पकडील वा मारील त्यास बारा पण दंड करावा, असे कौटिल्याने अर्थशास्त्रात सांगितले आहे. म्हणजे मांजर हे राज्याचे नोकर ठरले, त्याच्या जिवास कायद्याचे संरक्षणही मिळाले; परंतु ते आजारी पडल्यास काय करावे, हे कोणी सांगितले नाही.

एकोणिसाव्या शतकातील मुंबईचा इतिहासही या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. १८३२ साली सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा शहरात दंगल उसळली. त्या प्रक्षोभातून १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई व गुजराती व्यापारी यांच्या दातृत्वाने पांजरपोळ उभा राहिला. १८७४ साली पशूंवरील क्रूरतेस आळा घालणारी मंडळी स्थापन झाली. पुढे दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीने परळ येथे बाई साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ निघाले आणि तेथेच १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. मात्र त्या काळच्या पशुवैद्यकाचे मन गुंतलेले होते ते घोड्यांत व गुरांत. त्यात नवल नाही. फौजेस घोडा हवा होता, कुणब्यास बैल हवा होता, आणि बुळकांड्या रोगाची साथ आली की गोठेच्या गोठे ओस पडत. फ्रान्समधील लिऑं येथे पशुवैद्यकाची पहिली शाळा अठराव्या शतकात निघाली, तिच्याही मुळाशी गुरांचे साथीचे रोगच होते. तो बुळकांड्या २०११ साली पृथ्वीवरून नष्ट झाल्याचे जाहीर झाले, हे केवढे मोठे यश! पण या मोठ्या लढाईत मांजराच्या मूत्राशयाकडे पाहण्यास कोणास वेळ असणार?

मांजराचे महत्त्व सरकारी वैद्यकाच्या डोळ्यांत एकदाच भरले, आणि ते आमच्याच वऱ्हाडात, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसेल. १८९६ साली मुंबईत ग्रंथिक सन्निपाताची साथ आली व पुढे देशभर पसरली. उंदीर व त्यांच्या पिसवा यांचा या रोगाशी असलेला संबंध सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ मध्ये दाखविला. त्यानंतर अमरावतीस सिव्हिल सर्जन असलेल्या ब्यूकॅनन यांनी, ज्या खेड्यांत घरोघरी मांजरे आहेत तेथे प्लेगचा उपद्रव कमी होतो, असे मत १९०८ च्या सुमारास मांडले. मांजरासही प्लेग होतो व त्याच्यापासून मनुष्यास लागतो, हे आज आपल्याला माहीत आहे. तेव्हा तो उपाय निर्धोक नव्हता. तरीही कौटिल्याचा दृष्टिकोन दोन हजार वर्षांनी जसाच्या तसा परतलेला पाहून मौज वाटते. याही वेळी मांजराची गणना झाली, ती उंदरांचा शिपाई म्हणून.

मांजराच्या मूत्ररोगाचा विचार खऱ्या अर्थाने सुरू झाला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि त्यास कारण मनुष्यानेच घडविलेला बदल. १९४७ साली अमेरिकेत एडवर्ड लो याने मांजरांच्या शौचासाठी वाळलेली चिकणमाती विकावयास काढली. त्यामुळे मांजर रात्रंदिवस घरात ठेवणे सोयीचे झाले. त्याच सुमारास कोरड्या खाद्याच्या गोळ्यांचा प्रसार वाढला. उंदरात पाणी ७० टक्के, तर गोळीत ते १० टक्क्यांच्या आसपास. मांजर त्यावर वरून पाणी पिते, नाही असे नाही. परंतु मंद तहानेमुळे ती तूट पुरी भरून निघत नाही. मूत्र घट्ट होते, त्यात स्फटिक बनतात, आणि बोक्याचा मूत्रमार्ग मुळातच अरुंद असल्याने कफासारखा पदार्थ व स्फटिक मिळून तेथे बूच बसते. मांजरीचा मार्ग आखूड व रुंद असल्याने ती या संकटातून बहुधा सुटते.

पंडितांनी प्रथम दोष दिला तो खाद्यातील राखेस, मग मॅग्नेशियमला. १९८० नंतर मॅग्नेशियम कमी करून मूत्र आम्ल करणारी खाद्ये निघाली. एका जातीचे खडे कमी झाले, तो कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे वाढू लागले! पुढे ओहायो येथील बफिंग्टन प्रभृतींनी दाखवून दिले की, पुष्कळ मांजरांत खडाही नसतो व जंतूही नसतात; घरातील भय, भांडण, कोंडमारा यांचा परिणाम मूत्राशयावर होतो. मनाचा आणि मूत्राशयाचा हा संबंध मांजराच्या ठायी इतका निकट असावा, हे आपण मांजरास निगरगट्ट म्हणत आलो, त्यावर चांगलेच उत्तर आहे.

आता या इतिहासातून घरी घेऊन जाण्यासारखे काय, ते थोडक्यात सांगतो. बोका वारंवार लघवीस बसतो आणि थेंब येत नाही, ओरडतो, तो भाग सारखा चाटतो, असे दिसताच त्याच घटकेस पशुवैद्य गाठावा. मार्ग बंद राहिल्यास रक्तातील पोटॅशियम वाढून दोन-तीन दिवसांत हृदय थांबते. पोट दाबू नये. माणसाची वेदनाशामक गोळी तर मुळीच देऊ नये. पॅरासिटामॉल हे मांजरास विष आहे. बरे होऊन घरी आल्यावर वैद्याने ठरवून दिलेला आहार ओला करून द्यावा. आहारात बदल करणे झाल्यास तो आठवडाभरात हळूहळू करावा. मीठ, कांदा व लसूण न घालता उकडलेल्या कोंबडीचे पाणी त्यात मिसळल्यास जनावर आवडीने घेते. दूध म्हणजे पाणी नव्हे. मोठ्या मांजरास ते बहुधा पचत नाही व हगवण लावते. पाण्याची भांडी पसरट असावीत, घरात तीन-चार ठिकाणी ठेवावीत, जेवणाच्या थाळीपासून व शौचाच्या जागेपासून दूर असावीत, आणि पाणी रोज बदलावे. कित्येक मांजरांना वाहते पाणी आवडते. शिवाय त्यास निवांत कोपरा द्यावा व त्याच्या अंगावर ओरडू नये.

आमच्या बोक्यासाठी आम्ही प्रथम एक सुंदर चिनी वाटी आणली. त्याने ती हुंगून सोडून दिली. अंगणात माठाखाली पाझर धरण्यासाठी एक जुनी पितळी परात ठेवलेली असे. एके दुपारी पाहतो तो महाराज तिच्यातले पाणी लपलप पीत होते. शेजारच्या आजींना मी ते मुद्दाम बोलावून दाखविले. त्या हसून म्हणाल्या, “म्या म्हनलं नव्हतं?” खरेच, त्या म्हणाल्या होत्या. आमच्या घराने ते एक दिवस उशिरा ऐकले, एवढेच. आता उन्हाळाभर ती परात सकाळी घासून भरण्याचे काम मी स्वतःकडे घेतले आहे.