इम्जीटी

प्रतिपिंडे, टी-पेशींचे ग्राही व प्रमुख ऊतिसुसंगती प्रथिने यांच्या जनुकांची विविध प्राण्यांतील माहिती एकत्रित करणारी आंतरराष्ट्रीय माहितीप्रणाली. फ्रान्समधील माँपेल्ये येथे मारी-पॉल लफ्रां यांनी १९८९ मध्ये तिची स्थापना केली.

इम्जीटीच्या वर्गीकरणानुसार टी-पेशीग्राहीच्या अल्फा, बीटा, गॅमा व डेल्टा शृंखलांची जनुके व्ही (चल), डी (विविधता), जे (जोड) आणि सी (स्थिर) या गटांत मोडतात. यांपैकी डी जनुके फक्त बीटा व डेल्टा जनुकस्थानांत असतात (→ जनुक). मानवात अल्फा व डेल्टा स्थाने १४ व्या, तर बीटा व गॅमा स्थाने ७ व्या गुणसूत्रावर आहेत. इम्जीटीच्या नामपद्धतीत जनुकाच्या नावावरूनच त्याचा प्रकार कळतो; उदा., ‘टीआरएव्ही१-२’ या नावात ‘टीआर’ म्हणजे टी-पेशीग्राही, ‘ए’ अल्फा शृंखला, ‘व्ही’ चल जनुक, १ हा उपगट आणि २ हा त्यातील जनुकाचा क्रमांक होय. इम्जीटीच्या क्रमांकनपद्धतीत चल भागातील ॲमिनो अम्लांना सर्व प्रजातींत समान क्रमांक असतात : २३ व १०४ या स्थानी सिस्टीन, ४१ व्या स्थानी ट्रिप्टोफॅन. त्यामुळे मानव, उंदीर, गाय, मेंढी, ट्राउट यांच्या ग्राहींची थेट तुलना करता येते.

प्रतिपिंड-औषधांची रचना, लसीकरणोत्तर प्रतिसादाचा अभ्यास व रक्तकर्करोगातील पेशीवंशांची ओळख यांसाठी प्रणालीचा उपयोग होतो (→ प्रतिरक्षा, रक्तकर्करोग, लस).