अवशेष-संपर्क विश्लेषण
प्रथिनाच्या त्रिमितीय संरचनेत कोणते ॲमिनो आम्ल-अवशेष, म्हणजे साखळीत जोडले गेल्यावर उरणारे ॲमिनो आम्लांचे भाग, परस्परांलगत येतात हे ठरविण्याची पद्धत. दोन अवशेषांच्या बीटा-कार्बन (बाजूच्या शाखेतील पहिला कार्बन) अणूंमधील अंतर ८ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी असल्यास बहुधा संपर्क मानतात. ही मर्यादा सोयीची आहे, निसर्गदत्त नव्हे. साखळीत दूर असूनही घडीमुळे जवळ आलेल्या अवशेषांचे संपर्क सर्वांत मोलाचे असतात, कारण प्रथिनाचा एकूण आकार त्यांतून उलगडतो. संपर्क वेगवेगळ्या रेणूंमध्येही घडतात. उदाहरणार्थ, सिकलसेल विकारात हीमोग्लोबिनाच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन असते आणि ऑक्सिजन सुटल्यावर ते शेजारच्या रेणूवरील फिनिलॲलॅनीन-८५ व ल्यूसीन-८८ यांच्या जलविरोधी खाचेत बसते. त्यामुळे रेणू जुळून तंतू बनतात व तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात.