उन्हाळी सुट्टीतील अणुकेंद्रीय संशोधन : पदवीच्या विद्यार्थ्यांनी अर्ज कसा करावा?

विज्ञान शाखेत पदवीचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना उन्हाळी सुट्टीत काही आठवडे एखाद्या प्रयोगशाळेत बोलवावयाचे आणि शास्त्रज्ञांच्या हाताखाली प्रत्यक्ष संशोधनाचे काम द्यावयाचे, ही प्रथा अमेरिकेत चांगलीच रुजली असून आपल्या देशातही ती आता नवी राहिलेली नाही. आपल्या धर्मग्रामांतील पदार्थविज्ञान व रसायनशास्त्राचे विद्यार्थी अधूनमधून याविषयी विचारणा करतात. अणुकेंद्रीय विज्ञान म्हटले की अणुबाँब आणि अणुभट्टी एवढेच डोळ्यांसमोर येते. परंतु कर्करोगावरील किरणोपचार, प्राचीन अवशेषांचे वय ठरविणे, ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्ये कशी घडतात याचा शोध, हे सारे याच विद्याशाखेत मोडते.

प्रथम अमेरिकेविषयी, कारण इंटरनेटवर शोध घेणाऱ्यास सर्वांत आधी तेथीलच जाहिराती दिसतात. इंडियाना राज्यातील नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठात अणुकेंद्रीय विज्ञानाची नामांकित प्रयोगशाळा आहे, तर टेक्सास ए अँड एम विद्यापीठात सायक्लोट्रॉन संस्था आहे. अशा ठिकाणचे उन्हाळी कार्यक्रम बहुधा तेथील नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या अनुदानावर चालतात आणि त्या अनुदानाचा लाभ केवळ अमेरिकेच्या नागरिकांना व तेथे कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांनाच मिळतो. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या वतीने १९८४ पासून भरणाऱ्या अणुकेंद्रीय रसायनशास्त्राच्या उन्हाळी शाळांनाही नागरिकत्वाची अट आहे. तेव्हा आपल्यापैकी ज्यांचे नातलग तेथे स्थायिक झाले आहेत, त्यांच्या मुलांना या संधी अवश्य कळवाव्यात. येथील विद्यार्थ्यांनी मात्र अटी वाचल्याविना अर्जात आठवडे दवडू नयेत.

युरोपातील दार तितके बंद नाही. जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेचा भारत २०१७ पासून सहयोगी सदस्य आहे. तेथील उन्हाळी विद्यार्थी योजनेसाठी विद्यापीठीय शिक्षणाची निदान तीन वर्षे पूर्ण होत असावी लागतात आणि अर्जाची मुदत साधारणतः जानेवारीच्या अखेरीस संपते. सर्नमध्ये मुख्यत्वे मूलकणांचा अभ्यास चालत असला, तरी आयसोल्ड या विभागात अल्पायुषी अणुकेंद्रे निर्माण करून त्यांचे परीक्षण केले जाते. चुरस अर्थातच मोठी असते.

बहुसंख्य विद्यार्थ्यांनी आपली दृष्टी स्वदेशाकडेच वळवावी, असे आमचे मत आहे. मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा 'नियस' उपक्रम २००४ पासून खास पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी राबविला गेला आहे. बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी अन्य दोन राष्ट्रीय अकादमींच्या सहकार्याने दोन महिन्यांची उन्हाळी शिष्यवृत्ती देत आली आहे. तिच्या अर्जाची मुदत ऑक्टोबर-नोव्हेंबरातच, म्हणजे दिवाळीच्या आसपास, येते आणि म्हणूनच ती अनेकांच्या हातून निसटते. नवी दिल्लीतील आंतरविद्यापीठीय त्वरक केंद्र (पूर्वीचे न्यूक्लियर सायन्स सेंटर) येथे पेलेट्रॉन हा मोठा कणत्वरक असून, भौतिकशास्त्राच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी तेथे उन्हाळी वर्ग भरविले गेले आहेत. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही असाच एक पेलेट्रॉन आहे. मात्र त्या संस्थेची उन्हाळी योजना भौतिकशास्त्रापुरती प्रामुख्याने एम.एस्सी. आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी असते. प्रत्येक वर्षीची अट व तारीख त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच पाहावी.

आता अर्जाविषयी. गुणपत्रिका, उद्देशपत्र आणि शिफारसपत्रे हे त्याचे तीन भाग होत. गुण आता बदलता येत नाहीत. म्हणून उरलेल्या दोहोंकडे लक्ष द्यावे.

काही वर्षांपूर्वी नाताळच्या दुसऱ्या दिवशी एक विद्यार्थिनी वडिलांसह माझ्याकडे आली. "फादर, शिफारसपत्र हवे आहे, मुदत चार दिवसांवर आली," असे ती म्हणाली. मी तिला लहानपणापासून ओळखतो, परंतु माझे शिक्षण तत्त्वज्ञान आणि ईशज्ञानाचे! मी देऊ शकलो असतो ते चारित्र्याचे प्रमाणपत्र. निवड समितीला हवे होते तिला प्रयोगशाळेत काम करताना पाहिलेल्या प्राध्यापकांचे पत्र आणि तेही त्यांच्याच ई-मेलवरून. प्राध्यापक सुट्टीवर गावी गेले होते. अर्ज अपुरा राहिला. मुलगी हुशार होती. चूक एवढीच की तिने सर्वांत शेवटी करावयाचे समजून जे ठेवले, ते सर्वांत आधी करावयास हवे होते. प्राध्यापकांना किमान महिनाभर आधी भेटावे, आपली गुणपत्रिका व उद्देशपत्राचा मसुदा त्यांच्या हाती द्यावा आणि मुदतीच्या आठवडाभर आधी नम्रपणे आठवण करावी. ज्यांच्या वर्गात आपण कधी प्रश्नही विचारला नाही, अशा मोठ्या हुद्द्याच्या व्यक्तीच्या चार औपचारिक ओळींपेक्षा, प्रयोग करून घेणाऱ्या तरुण अध्यापकाचे तपशीलवार पत्र अधिक उपयोगी पडते.

उद्देशपत्रात "मला बालपणापासून विज्ञानाची आवड आहे" हे वाक्य शेकडो विद्यार्थी लिहितात. त्याऐवजी आपण केलेले एखादे काम लिहावे. समजा, महाविद्यालयात गायगर गणित्राने एकाच किरणोत्सारी स्रोताची मिनिटागणिक मोजणी केली आणि आकडा कधी ९४, कधी १०८ असा आला. उपकरण बिघडले असे विद्यार्थ्याला वाटले. पुढे त्याला उमगले की शंभराच्या आसपासच्या मोजणीत वर्गमूळाएवढा, म्हणजे दहाच्या आसपास फरक पडणे हा किरणोत्साराचा स्वभावच आहे. एवढी हकीकत प्रामाणिकपणे लिहिली, तरी वाचणाऱ्यास विद्यार्थ्याची ओळख पटते. संगणकीय आज्ञावली लिहिता येत असेल, तर तेही नमूद करावे. आजच्या प्रयोगांत मोठा वेळ माहितीच्या विश्लेषणातच जातो. इंग्रजी साधे असावे. दुसऱ्याकडून लिहून घेतलेले उद्देशपत्र मुलाखतीत उघडे पडते.

पालकांना किरणोत्साराची भीती वाटते, ती अनाठायी म्हणून उडवून लावू नये. किरणोत्सारी क्षेत्रात काम करणाऱ्यांच्या छातीवर टीएलडी बिल्ला असतो व त्यांना मिळालेल्या मात्रेची नोंद ठेवली जाते. भारतात अशा कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे, तर सर्वसामान्य नागरिकांसाठी १ मिलिसिव्हर्ट. आपल्या मुलावर कोणते नियम लागू होतील, हे पालकांनी संस्थेला खुशाल विचारावे.

निवड झाल्यास महाविद्यालयाचे ना-हरकत पत्र लागते. परीक्षेच्या तारखा लांबल्या तर रुजू होण्याची तारीख बदलून मिळते का, हे लगेच लेखी विचारावे. परदेशी अर्ज करणाऱ्यांनी पारपत्र आधीच काढून ठेवावे. निवड न झालेल्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यास पुढील वर्षी पुन्हा अर्ज करता येतो; मात्र तोच मसुदा पुन्हा पाठवू नये.