ओठांची प्रार्थना आणि अंतःकरणाची प्रार्थना



या महोत्सवप्रसंगीं आपल्या उपासनेच्या भाषेचा इतिहास आठवणें उचित होय.

येशूसंघीय इंग्रज धर्मगुरु फादर थॉमस स्टीफन्स हे इ. स. १५७९ मध्यें गोव्यास आले. पुराणश्रवणाची गोडी असलेल्या नवख्रिस्ती जनांस प्रभूचें चरित्र परिचित वाणींत ऐकावयास मिळावें, म्हणून त्यांनीं सुमारें ११,००० ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ मराठींत रचिलें. तें १६१६ सालीं राशोल येथें छापलें गेलें व पुढें ख्रिस्तमंदिरांतून वाचलें जाऊं लागलें. परंतु १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें गोव्यांत लोकभाषेच्या वापरावर बंदी घातली. मिस्साविधि तर लॅटिनमध्येंच होत असे. अखेर ४ डिसेंबर १९६३ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेंत लोकभाषांस वाव दिला.

तोंपर्यंत आपल्या पूर्वजांपैकीं बहुतेकांस मिस्साविधींतील शब्दांचा अर्थ उमगत नसे. तरी हातीं जपमाळ घेऊन, वेदीकडे दृष्टि लावून ते भक्तिभावानें गुडघे टेकीत. भाषेवांचूनही त्यांचें अंतःकरण बोलत होतें. आज प्रत्येक शब्द आपणांस समजतो; म्हणूनच आपली जबाबदारी अधिक आहे. मुखानें क्षमेची प्रार्थना म्हणावी आणि बांधावरून भावाशीं अबोला धरावा, ही उपासना नव्हे, निव्वळ उच्चार होय. अर्पण वेदीजवळ ठेवून आधीं भावाशीं समेट करावा, अशी प्रभूची आज्ञाच आहे.

म्हणून महोत्सवाच्या मिस्सापूर्वीं जो दुरावलेल्या भावाचा उंबरठा ओलांडील, त्याच्याच मुखीं आपली मराठी प्रार्थना खरी ठरेल.